आपल्या शहरातील बागा व त्यांचा जमाखर्च

सायंकाळी ऊन उतरल्यावर सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या कडेने फिरावयास निघावे, म्हणजे थोड्याशा अंतरात विश्रांतीची व करमणुकीची नाना प्रकारची स्थळे दृष्टीस पडतात. एका अंगास श्रीसिद्धेश्वरांचे मंदिर व त्याभोवतीचा तलाव. जवळच होम मैदान, जेथे मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. तटास लागून हुतात्मा बाग. आणि आणखी थोडे पुढे गेले की पार्क चौक व तेथील विस्तीर्ण क्रीडांगण. ह्या जागा आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. म्हणून त्या आपोआप झाल्या व आपोआप तशाच राहतील, असा आपला समज होऊन बसतो. वस्तुस्थिती तशी नाही. बागेतील प्रत्येक रोपास कोणी तरी पाणी घातलेले असते, त्या पाण्याचे मोल कोणी तरी दिलेले असते, आणि ज्या दिवशी ते देणारा कोणी उरत नाही त्या दिवसापासून बाग मरू लागते. हे मोल कोण देतो, किती देतो, व ते कोणी द्यावे हे उचित होय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. एके वर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांस घेऊन मी शहरातील एका बागेत गेलो होतो. बागेचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. फाटकावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती, मधोमध कारंजेही होते. परंतु कारंज्यात पाण्याऐवजी वाळलेली पाने होती. दोन झोपाळ्यांपैकी एकाची साखळी तुटलेली व दुसऱ्याची फळी नाहीशी झालेली. घसरगुंडीचा पत्रा मध्येच फाटला होता, म्हणून तिकडे मी कोणासच जाऊ दिले नाही. रखवालदार वयोवृद्ध व स्वभावाने गोड असा गृहस्थ होता. त्यास एका मुलीने विचारले, "आजोबा, हे सगळे मोडले कोणी?" तो म्हणाला, "बाळ, मोडायचे ते मोडतेच. मोडल्यावर नीट कोणी केले नाही." त्या मुलीचे घर एका खोलीचे, तिची आई घरी विड्या वळते, आणि त्या खोलीत विड्यांचे सूप मांडले म्हणजे धाकट्या भावंडांस बसावयास जागा राहत नाही. ती रोज संध्याकाळी भावास कडेवर घेऊन ह्याच बागेत येत असे. ज्यांच्या घरापुढे अंगण आहे त्यांस बाग ही शोभेची वस्तू वाटणे शक्य आहे. तिला ती तशी नव्हती.

रखवालदाराच्या त्या दोन वाक्यांत ह्या विषयाचे मर्म आले आहे. बाग करणे आणि बाग राखणे ही दोन निरनिराळी कामे होत, व त्यांचा पैसाही निरनिराळ्या वाटांनी येतो. पहिल्या कामास एकदाच मोठी रक्कम लागते; ती कर्जाने, अनुदानाने वा देणगीने उभी राहते. दुसऱ्या कामास दर महिन्यास लहान रक्कम लागते. ती कराच्या उत्पन्नातूनच यावी लागते, कारण झोपाळ्याच्या साखळीस वंगण घालण्याकरिता कोणी देणगी दिल्याचे फारसे ऐकिवात नाही, व वंगणाचे उद्घाटनही कोणी करीत नाही. हिशेबनिसाच्या भाषेत पहिल्यास भांडवली खर्च व दुसऱ्यास महसुली खर्च म्हणतात. समजा, एका बागेस एक कोटी रुपये लागले, आणि ती चांगल्या स्थितीत राखण्यास दरसाल त्याचा दहावा भाग लागतो. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत.) मग दहा वर्षांत राखण्याचा खर्च करण्याच्या खर्चाएवढा होईल. ज्याने एक कोटीची तरतूद केली परंतु दरसालच्या दहा लाखांची केली नाही, त्याने बाग केली नाही, पाटी मात्र बसविली.

आता हा पैसा शहराच्या तिजोरीत कोठून येतो ते पाहू. सोलापुरास म्युनिसिपालिटी स्थापन झाली ती १८५२ साली. पुढे १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. आज ज्या कायद्याने तिचा कारभार चालतो तो १९४९ सालचा महानगरपालिका अधिनियम होय. ह्या अधिनियमाची दोन कलमे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावीत. ६३ व्या कलमात महापालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. पाणीपुरवठा, गटारे, रस्त्यांवरील दिवे, केरकचरा उचलणे, प्राथमिक शिक्षण इत्यादी. ही कामे तिने केलीच पाहिजेत. ६६ व्या कलमात ज्या गोष्टी ती आपल्या मर्जीने करू शकते त्यांची यादी आहे, आणि सार्वजनिक बागा व खेळाची मैदाने ह्यांची गणना ह्या दुसऱ्या यादीत होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नळ हा हक्क, आणि बाग ही मर्जी. १९९२ साली भारतीय राज्यघटनेत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली व बारावी अनुसूची जोडली गेली. तीत नगरसंस्थांकडे सोपविण्याजोगे अठरा विषय दिले आहेत, आणि त्यांपैकी बारावा विषय उद्याने, बगीचे व क्रीडांगणे ह्यांसारख्या नागरी सुखसोयींचा आहे. मान वाढला हे खरे. परंतु अनुसूचीत विषय आला म्हणून त्याबरोबर पैसाही आला असे झाले नाही.

शहराचे जुने व भरवशाचे उत्पन्न म्हणजे जकात. गिरण्यांचा कापूस, हातमागांचे सूत, बाजाराचे धान्य नाक्यावरून आत आले की त्यावर कर पडे, आणि व्यापार वाढला की तिजोरी आपोआप वाढे. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला; तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला; आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाल्यावर शहरांस राज्य सरकारकडून भरपाई मिळू लागली. ती वेळेवर मिळाली तरी ती दुसऱ्याच्या हातची मिळकत होय. स्वतःच्या हातचे मुख्य उत्पन्न उरले ते घरपट्टीचे, म्हणजे मालमत्ता कराचे. ह्यास जोडून १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे एक लहानसा वृक्ष उपकरही बसविता येतो. आपल्या पालकांच्या कराच्या बिलात अशी ओळ आहे की काय, हे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन पाहावे. हा पैसा झाडांसाठीच होय. पगारास वा दिव्यांस तो वळविता येत नाही.

तिजोरीत येणाऱ्या रुपयावर पहिला हक्क आवश्यक कर्तव्यांचा. पाण्याची नळी फुटली असता तीस पैसा न देता बागेच्या हिरवळीस द्यावा, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून ज्या वर्षी वसुली कमी त्या वर्षी कात्री प्रथम बागेवर चालते. आणि बागेचा स्वभाव असा की ती लगेच तक्रार करीत नाही. गटार तुंबले तर दुसऱ्या दिवशी गल्ली ओरडते. झाड मात्र तीन महिने मुकाट्याने वाळत राहते, व वाळल्याचे लोकांच्या ध्यानात येईतो पावसाळा येऊन पुढील वर्षाची नवी लागवड सुरू झालेली असते.

सोलापुरात ह्या सर्वांहून बिकट प्रश्न पाण्याचा आहे. हा अवर्षणाचा मुलूख. जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, व वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो. भीमेवरील उजनीचे धरण झाले, एकरूखचा जुना तलाव इंग्रजी अमदानीतच, १८७१ साली पुरा झाला होता. तरीही ह्या शहरातील गृहिणींनी अनेक दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहत कित्येक वर्षे काढली आहेत. अशा गावी हिरवळ म्हणजे काय, ते हिशेबाने पाहू. कडक उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवण्यास दर चौरस मीटरास दिवसाला निदान पाच लिटर पाणी हवे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणून एक एकर हिरवळीस रोज सुमारे २०,००० लिटर पाणी लागले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे सरकारी प्रमाण आहे. वीस हजारांस एकशे पस्तिसांनी भागा. भागाकार दीडशेच्या जवळ येतो. एक एकर गवत आणि दीडशे माणसे ह्यांची तहान सारखी! ज्या दिवशी दीडशे माणसांच्या घरी नळ कोरडा आहे, त्या दिवशी त्यांनी ते गवत प्रेमाने पाहावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

ह्यावरून बागा नकोत असा निष्कर्ष कोणी काढू नये. चुकते ते बागेचे रूप. आपण बागेचा नमुना घेतला तो विलायतेहून, जेथे बारा महिने भुरभुर पाऊस पडतो व गवत फुकट वाढते. आपल्या मुलखात सुखाची गोष्ट गवत नसून सावली होय. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, चिंच, बहावा ह्यांस पहिली दोनतीन वर्षे पाणी घालून जगविले, की पुढे ती बहुधा आपल्या मुळांवर जगतात, आणि त्यांच्याखाली मुले भर दुपारी खेळू शकतात. हिरवळीवर तर 'आत जाऊ नये' अशी पाटीच असते. शिवाय बागेस पिण्याचेच पाणी हवे असे नाही. शहराचे सांडपाणी शुद्ध करून जे पाणी निघते ते झाडांस चालते; मात्र त्यासाठी वेगळी नळी घालावी लागते, आणि ती नळी बाग आखतानाच घातली तर स्वस्त पडते, नंतर फरसबंदी फोडून घातली तर महाग. माझ्या मते सोलापुरात नवी बाग मागणाऱ्याने प्रथम पाण्याची जागा दाखवावी व मग नकाशा काढावा. आज बहुधा उलट होते.

आता ज्यावर सर्वांचेच मत असते त्या तिकिटाच्या प्रश्नाकडे वळू. "जो बाग वापरतो त्याने पैसे द्यावेत," हे वाक्य ऐकावयास मोठे न्याय्य वाटते. पुन्हा मानलेला हिशेब करू. एका मध्यम बागेत रोज दोनशे माणसे येतात व माणशी पाच रुपये तिकीट आहे. उत्पन्न झाले हजार रुपये. सकाळी व सायंकाळी मिळून तिकिटाच्या खिडकीवर दोन माणसे हवीत; त्यांस प्रत्येकी पाचशे रुपये रोज धरला तर हजार रुपये तेथेच संपले. म्हणजे तिकिटाच्या पैशाने तिकीट घेणारा मात्र पोसला, माळ्यास काही पोचले नाही. उलटपक्षी आईबाप व दोन मुले आठवड्यातून दोनदा आली तर त्यांचे वर्षाचे दोन हजार रुपयांहून अधिक गेले. विड्या वळणाऱ्या घरास ही रक्कम लहान नव्हे. ते कुटुंब मग बागेत येत नाही; आणि जी मुले बागेत आली नाहीत ती रस्त्यावर खेळतात, जेथे मोटारी धावतात. मघाच्या त्या मुलीस दोन तिकिटांचे दहा रुपये रोज कोणी दिले असते?

तरी तिकीट सर्वत्रच त्याज्य, असेही म्हणता येत नाही. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे जिजामाता उद्यान, हे ह्याचे उदाहरण. १८६२ साली ही बाग कृषि-उद्यानविषयक एका संस्थेने उघडली. संस्थेस ती झेपेना, तेव्हा १८७३ साली म्युनिसिपालिटीने हाती घेतली. पुढे शतकाहून अधिक काळ अगदी नाममात्र पैशांत लोक आत जात असत. २०१७ साली तेथे पेंग्विन पक्षी दाखविण्यास सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी तिकीट मोठ्या माणसास पन्नास रुपये, व आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबास शंभर रुपये करण्यात आले. जेथे हजारो लोक लांबून येतात व थंडगार काचेच्या घरात परदेशी पक्षी ठेवावे लागतात, तेथे असे तिकीट समर्थनीय ठरू शकेल. अहमदाबादेस कांकरिया तलावाचा परिसर २००८ साली नव्याने सजवून त्यास प्रवेशशुल्क बसविले, तेव्हा त्यावरून वाद झालाच; कारण जे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या पाळीवर फुकट बसत आले होते, त्यांच्या दृष्टीने नवी फरशी हे जुना हक्क जाण्याचे कारण झाले होते. माझे मत असे की, वर्षातून एकदा पाहावयाच्या गोष्टीस तिकीट असावे, रोज जावयाच्या जागेस नसावे. पुण्यातील पेशवे उद्यानात १९५६ साली 'फुलराणी' नावाची चिमुकली आगगाडी सुरू झाली, तेव्हा मुलांनी हौसेने तिकिटे काढली. गाडीस तिकीट आणि सावलीस तिकीट, ह्यांत केवढे अंतर आहे!

येथे करमणुकीचा प्रश्न येतो. बाग पैसा खाते, करमणूक पैसा मिळविते. मग करमणुकीच्या पैशाने बाग का चालवू नये? ही कल्पना नवी नाही. लंडन शहरी व्हॉक्सहॉल नावाची बाग होती. तेथे संगीत, दिव्यांची रोषणाई, दारूकाम, विमानाच्या आधीच्या काळातील फुगे, असे सर्व काही पैसे घेऊन दाखवीत. सुमारे दोनशे वर्षे ती चालली, आणि १८५९ साली कायमची बंद होऊन तिच्या जागेवर घरे उठली. करमणुकीवर जगणारी बाग करमणुकीची रुची बदलली की मरते, हे तिच्या इतिहासावरून दिसते.

आपल्या गावी मात्र ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि त्यांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. गड्ड्याची यात्रा ही श्रीसिद्धेश्वरांची. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम आणि शोभेचे दारूकाम हे तिचे धार्मिक अंग. दुसरे अंग होम मैदानावरचे: उंच पाळणे, खेळण्यांची दुकाने, खाद्यपदार्थ, भांडी, बांगड्या. प्रत्येक दुकानदार जागेचे भाडे देतो व ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. सोलापूरचा मजूर वर्षभर रुपया रुपया जपून ठेवतो आणि ह्या दिवसांत आनंदाने खर्च करतो. म्हणजे ह्या गावात करमणुकीस पैसा मिळत नाही असे मुळीच नाही. तो आपला मार्ग आपण शोधतो. मात्र काही आठवड्यांनी दुकाने उठतात, आणि पाठीमागे राहते ते मैदान: धूळ, खड्डे, कागद. जमीन दुरुस्त करण्याचा, पुन्हा पाणी शिंपडून ती दाबण्याचा खर्च भाड्यातच धरला तर मैदान पुढील अकरा महिने मुलांच्या खेळास उपयोगी पडते. न धरला तर तो खर्च घरपट्टी भरणाऱ्याच्या माथी बसतो, किंवा, अधिक करून, कोणाच्याच माथी बसत नाही. म्हणून सार्वजनिक जागा भाड्याने देताना करारात एक अनामत रक्कम असावी व ती जागा पूर्ववत करून दिल्यावरच परत मिळावी, हा नियम घरमालकासही ठाऊक असतो. नगरास तो अपरिचित राहण्याचे कारण नाही.

भाड्याच्या मोहात दुसरी एक गोष्ट विसरली जाते, ती सुरक्षिततेची. १४ जुलै २०१९ रोजी कांकरिया येथील एक मोठा झोके घेणारा पाळणा चालू असताना तुटला. माणसे मृत्युमुखी पडली व कित्येक जखमी झाली. पाळणा खाजगी मालकाचा असला तरी जागा शहराची असते, आणि मूल पाळण्यात बसविणारी आई मालकाचा परवाना विचारीत नाही; फाटकावर शहराचे नाव आहे एवढ्यावरच तिचा विश्वास असतो. तेव्हा ठेकेदाराकडून येणाऱ्या रकमेतून तपासणीच्या अभियंत्याचे वेतन आधी वजा करावे, व मग उरलेल्यास उत्पन्न म्हणावे. आवाजासही मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ठराविक दिवसांची सवलत सरकार देते तेवढीच. तसेच आपला भुईकोट किल्ला हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, व त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. किल्ल्यास बिलगून असलेल्या बागेत उपाहारगृह वा नाट्यगृह काढून तिचा खर्च भागवू, असे म्हणणाऱ्यांनी हा कायदा प्रथम वाचावा. मला तर ही बंदी इष्टच वाटते. तिच्यामुळे शहराच्या मध्यभागी आकाश तरी मोकळे राहिले आहे.

बागेसाठी पैसा उभारण्याचा एक फार चतुर मार्ग इंग्लंडातील बर्कनहेड गावाने दाखविला. त्या गावाने २२६ एकर पडीक जमीन घेतली. तीतील सुमारे १२५ एकरांवर जोसेफ पॅक्स्टन ह्यांच्याकडून उद्यान आखविले, आणि सभोवतीचे तुकडे घरांसाठी विकले. उद्यानासमोरचे घर म्हणून त्या तुकड्यांस चांगला भाव आला, व त्या भावातूनच उद्यानाचा खर्च निघाला. ५ एप्रिल १८४७ रोजी ते सर्वांस विनामूल्य खुले झाले. १८५० साली ते पाहून एक अमेरिकन गृहस्थ थक्क झाले. त्यांचे नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, आणि पुढे न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या दोघांपैकी ते एक. ह्या सेंट्रल पार्कचीही १९७० नंतरच्या दशकात, नगराची तिजोरी रिकामी झाल्यावर, दुर्दशा झाली होती. १९८० साली नागरिकांची एक संस्था निघाली. तिने वर्गणी जमविण्यास आरंभ केला, आणि आज त्या उद्यानाच्या खर्चाचा बहुतेक भाग ती संस्था देते. आपल्याकडे पुण्याची एम्प्रेस गार्डन ही अशाच एका संस्थेने सांभाळलेली बाग. रोपे विकून, तिकीट लावून, व जानेवारीत फुलांचे प्रदर्शन भरवून ती आपला संसार चालविते.

बर्कनहेडचे तत्त्व आपल्याकडे निराळ्या रूपाने आहे. मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून वसाहत करताना साधारणतः दहावा भाग मोकळा सोडावा लागतो. सोलापूरच्या नव्या वस्त्यांत अशा कितीतरी मोकळ्या जागा सापडतील. कोठे वेडी बाभूळ माजलेली, कोठे बांधकामाची खडी पडलेली. ह्या जागांस जमीन विकत घेण्याचा खर्च नाही, फाटकावर तिकीट घेणारा नको. हवे ते दहावीस घरांचे लक्ष व पाचपन्नास झाडे. ह्याशिवाय विकास आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेल्या जमिनी असतात. त्यांबाबत १९६६ च्या नगररचना कायद्याचे १२७ वे कलम फार महत्त्वाचे आहे. दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही ती घेतली गेली नाही तर आरक्षण सुटते. नकाशावरची हिरवी बाग अशा रीतीने एका दिवसात पुसली जाते. एकही झाड तोडावे लागत नाही, कारण ते कधी लावलेलेच नव्हते. नगररचनेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. माणशी दहा चौरस मीटर धरून किती एकर जागा हवी, हे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. उत्तर दोन हजार तीनशे एकरांहून अधिक येईल.

अलीकडच्या काळात सोलापुरास बाहेरून मोठी मदत झाली हे नमूद केले पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेची पहिली वीस शहरे निवडली, त्यांत आपले शहर होते. होम मैदान, पार्क स्टेडियम इत्यादी ठिकाणी त्यातून कामे झाली. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. योजनेने दिलेला पैसा बव्हंशी करण्याचा होता. राखण्याचा भार त्या तारखेपासून पूर्णपणे आपल्याच अंगावर आला आहे. नवे दिवे जुने होतील, पदपथाच्या फरशा सुटतील, कारंज्याचे पंप बिघडतील. त्या वेळी दिल्लीहून कोणी येणार नाही.

तेव्हा आपल्या बागांची पुढील पाच वर्षे कशी जातील हे ज्यास जाणावयाचे असेल, त्याने महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक पाहावे. ते दरसाल नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी मांडले जाते व कोणाही नागरिकास पाहता येते. त्यात उद्यान विभागाचे पान काढावे. एका रकान्यात मागील वर्षी ठरविलेली रक्कम असते, दुसऱ्यात प्रत्यक्ष खर्च झालेली. ह्या दोहोंतील अंतर आधी मोजावे. मग भांडवली व महसुली असे दोन भाग पाहावेत, आणि महसुली भागात पगार वगळून पाणी, रोपे, खेळण्यांची दुरुस्ती ह्यांस काय उरते तेवढेच वेगळे लिहून काढावे. दहावीचे विद्यार्थी हे काम एका दुपारी सहज करू शकतील. पालकांपैकी कोणी वॉर्डाच्या सभेस जाणारे असतील तर त्यांनी तो कागद खिशात घालून न्यावा, आणि नव्या बागेची मागणी करण्यापूर्वी जुन्या बागेतील झोपाळ्याची साखळी कोणत्या रकान्यात आहे, एवढे विचारावे.